टूरिंग बाईकला एअर सस्पेन्शन बसवलं, पण हवा टिकत नाही. मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. मागचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून हवा भरायचे एअर शॉक आणि १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर मी स्वतः बसवला. वायरिंग फ्यूज आणि रिले घालून केलंय, त्याची काळजी नाही. त्रास हवेचा आहे. रात्री भरलेली हवा सकाळपर्यंत निम्मी उतरते, बाईक मागून बसलेली दिसते. साबणाचं पाणी लावलं तर टी-जॉइंटमध्ये (हवेच्या नळीला फाटा देणारा जोड) नळी शिरते तिथे बारीक बुडबुडे येतात. नळी कात्रीने कापली होती, टोक तिरकं आणि जरा चपटं झालंय. ब्लेडने काटकोनात कापून परत बसवली तर भागेल, की आतली ओ-रिंगही (हवा अडवणारं रबरी कडं) गेली असेल? आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हमधूनही (विजेवर उघड-बंद होणारी हवेची झडप) गळतंय का, हे वेगळं कसं तपासायचं? पुढच्या आठवड्यात आईला मागे बसवून लांब जायचंय, म्हणून जिवाला घोर लागलाय.