मदत हवी आहे: गाडीची देखभाल स्वतः शिकायची आहे, सुरुवात कुठून करू?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. मी चिपळूणला राहते, शाळेत शिकवते. गाडी बाबांची. २०१४ ची, हजार सीसीची छोटी पेट्रोल हॅचबॅक, ८६ हजार किलोमीटर झालेली. बाबा होते तोवर तिचं सगळं तेच बघायचे. रोज सकाळी बॉनेट उघडून काय बघत असायचे, ते मी कधी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. तेव्हापासून गाडी मी चालवते आणि दर पंधरा दिवसांनी आईला तपासणीसाठी कराडला नेते. म्हणजे कुंभार्ली घाट आलाच.

मागच्या महिन्यात पोफळी सोडून घाट चढायला लागलो आणि मध्येच तापमानाचा लाल दिवा लागला. थांबले तर बॉनेटमधून वाफ. मला एवढंच माहीत होतं की रेडिएटरमध्ये पाणी ओततात. फडकं घेऊन झाकणाला हात घातलाच होता, तेवढ्यात मागून आलेल्या ट्रकचे ड्रायव्हर ओरडले, "ताई, हात काढा तिथनं!" त्यांनी पाऊण तास नुसतं बसवून ठेवलं, मग स्वतः पाणी भरून दिलं आणि म्हणाले की आता वर जाऊ नका, खाली चिपळूणला परत जा. त्यांचं नावही विचारायचं राहून गेलं. आईची त्या दिवसाची तपासणी हुकली.

गॅरेजमध्ये निघालं एवढंच, की रेडिएटरच्या होसची (रबरी नळीची) क्लिप ढिली होऊन कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, हळूहळू गळत होतं. कितीतरी दिवस गळत असणार. बिलात मात्र इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग असं बरंच काही होतं, जे मी सांगितलं नव्हतं. आणि गाडीत काय झालं होतं ते त्यांनी मला न सांगता माझ्या भावाला फोनवर सांगितलं. भाऊ पुण्याला असतो, गाडी मी चालवते.

मला मेकॅनिक व्हायचं नाहीये. पण आईला शेजारी बसवून घाटात जाताना गाडीचं काय चाललंय ते मला कळायला हवं. आयटीआयला चौकशी केली, मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि पूर्णवेळ आहे, नोकरी सांभाळून जमणार नाही. इंटरनेटवर व्हिडिओ बघते तर कुणी थेट इंजिन उघडून बसलेलं असतं. मला पहिलं पाऊल सांगा. आधी काय शिकू, कुठली हत्यारं घेऊ आणि कशाला अजिबात हात लावू नको? आज बॉनेट उघडून डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) कुठली ते शोधलं, तेवढीच माझी प्रगती.

जुना_पाना

ताई, मी एसटीच्या आगारात एकतीस वर्षं मेकॅनिक होतो, आता निवृत्त. तुमचं वाचून आधी त्या ट्रकवाल्याचे आभार मानावेसे वाटले. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते, म्हणून कुलंट शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि आतलं सगळं एका क्षणात उकळून बाहेर फेकलं जातं. भाजलेले हात मी पाहिलेत, चेहरेही पाहिलेत. होसला हात लावून गार लागत नाही तोवर झाकण उघडायचं नाही, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

पुन्हा असं झालं तर लाल दिवा दिसताच एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात लावा. हीटरही इंजिनचीच उष्णता ओढतो, तेवढाच इंजिनला आराम. सुरक्षित जागा दिसली की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. "पुढच्या वळणापर्यंत जाऊ" म्हणून लोक चालवत राहतात आणि हेड गॅसकेट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) घालवून बसतात. मग काही शेकड्यांचं काम काही हजारांवर जातं.

आता सुरुवात. एक महिना पाना हातात धरू नका. फक्त बघायला शिका. तुमचे बाबा सकाळी बॉनेट उघडून जे करत होते ना, तेच. आगारात आम्ही नव्या पोराला पहिल्या दिवशी हत्यार द्यायचो नाही, गाडीभोवती फिरायला लावायचो.

रात्री गाडी लावताना इंजिनखाली एक मोठा पुठ्ठा टाका. सकाळी त्यावरचे डाग बघा. काळा किंवा तपकिरी चिकट डाग इंजिन ऑइलचा. हिरवा, गुलाबी किंवा निळा, बोटाला बुळबुळीत आणि गोडसर वासाचा असेल तर कुलंट. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते बहुतेक एसीचं, त्याची काळजी नको. हा पुठ्ठा तुमच्याकडे असता तर ती क्लिप दोन-तीन आठवडे आधीच सापडली असती.

मग ऑइल. गाडी सपाट जागेवर हवी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली हवीत. डिपस्टिक काढून पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून काढायची. पहिल्या वेळचं माप धरायचं नाही. तेल दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं. वरच्या खुणेच्याही वर भरणं चांगलं नाही, तेही नुकसान करतं. तेल काळं पडलं म्हणून घाबरू नका, काम करणारं तेल काळं होतंच. ते दुधाळ, चहासारखं दिसलं मात्र, तर त्यात पाणी मिसळलंय, गाडी चालू करू नका.

कुलंटची पांढरी बाटली बाहेरूनच दिसते, इंजिन गार असताना पातळी दोन रेघांच्या मध्ये हवी. ट्रकवाल्यांनी पाणी ओतलं ते अडचणीपुरतं ठीक होतं. नंतर गॅरेजने ते काढून कुलंट भरलं का, एवढं विचारून घ्या. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी आतल्या नळ्या चोंदतात आणि गंजतात.

टायरची हवा महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरवर कोरलेला आकडा तो नव्हे, ती कमाल मर्यादा. पंपावरचा पोरगा डोळे मिटून पस्तीस भरतो, त्याला तुमचा आकडा सांगा. सगळ्यांत आधी स्वतःचा एक हवा मोजायचा गेज घ्या. स्टेपनीची हवाही बघा, तिला सगळे विसरतात.

आणि ताई, एक सांगतो, राग मानू नका. बॉनेटखाली वाकताना ओढणी काढून ठेवा, केस घट्ट बांधा. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरायला लागतो. बॅटरीजवळ काम करताना बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र काढा. धातू दोन्ही टर्मिनलला एकदम टेकला तर तो लालबुंद होतो, कातडीसकट. बाईमाणसालाच सांगतोय असं नाही, आगारात एका पोराचं घड्याळ असंच मनगटाला चिकटलं होतं.

हात लावू नका असं विचारलंत. ब्रेकचं तेल आणि पाइप, स्टिअरिंग, सस्पेन्शनच्या स्प्रिंग, एअरबॅग आणि एसीचा गॅस. हे शिकलेल्या माणसाच्या देखरेखीशिवाय नाही. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालायचा नाही. चाक बदलण्यापुरताच तो जॅक दिलेला असतो.

ठाण्याची_मी

ताई, मी तीन वर्षांपूर्वी तुमच्याच जागी होते. काकांच्या म्हणण्यात माझी थोडी भर.

महिनाभर नुसतं बघणं मला जमलं नसतं, मला हाताने काहीतरी करायचं होतं. मी एअर फिल्टरपासून सुरुवात केली. बऱ्याच गाड्यांत तीन-चार क्लिपा उघडल्या की तो बाहेर येतो, पाना लागत नाही, आणि चुकलात तरी काही मोडत नाही. मग वायपरची पाती. मग फ्यूज. फ्यूजचे रंग ठरलेले असतात: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. जळालेला काढून त्याच रंगाचा बसवायचा, मोठा कधीच नाही. मोठा फ्यूज टाकला की फ्यूजऐवजी वायर जळते.

मग बॅटरी. टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड जमते, ती कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने काढली, पुसून कोरडं केलं, वर व्हॅसलीन लावलं. सोडताना आधी निगेटिव्ह आणि जोडताना शेवटी निगेटिव्ह, हे मी बॅटरीच्या कव्हरवरच मार्करने लिहून ठेवलंय. मल्टिमीटर घ्या, साधा चालतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा यायला हवेत. चालू असतानाही बाराच्या घरात राहिले तर बॅटरी बदलून उपयोग नाही, अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारं यंत्र, बघायला हवा. या एका मापाने माझी एक नवी बॅटरी वाचली.

चूकही सांगते. ऑइल बदलताना खालचा ड्रेन बोल्ट गळू नये म्हणून मी जीव खाऊन आवळला. पुढच्या वेळी काढताना संपचे (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचे) आटे गेले. संप अॅल्युमिनियमचा, बोल्ट पोलादाचा, आटे जाणार ते संपचेच. त्यानंतर टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) घेतला. ऑइल तुम्ही पहिल्या वर्षी बदलूच नका असं माझं स्पष्ट मत. आणि कधी बदललंत तर जुनं तेल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या. तुमच्याकडची गटारं शेवटी वाशिष्ठीलाच मिळतात.

हत्यारं: ८ ते १९ मिमीपर्यंतचा गोटी पान्यांचा (सॉकेटचा) सेट, एक पक्कड, चपटा आणि चौफुली स्क्रूड्रायव्हर, चांगली टॉर्च. एवढ्यावर दोन वर्षं निघतात.

अलोरेकर

मी तुमच्याच वाटेवरचा. घाट उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका. जळका वास आला किंवा पॅडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं तर थांबून ब्रेक गार होऊ द्या.

दुसरं पुराचं. २०२१ च्या जुलैत बाजारपेठेत पाण्याखाली गेलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतीलच. पाणी ओसरल्यावर "बघू तर चालू होते का" म्हणून अनेकांनी सेल्फ मारला आणि तिथेच इंजिन गेलं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेल्या गाडीला चावी लावायची नाही, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची आणि गाडी टो करून न्यायची.

वाशिष्ठीकाठ

काका, तुमचं वाचून रडू आलं. बाबा रोज सकाळी काय बघायचे ते आज कळलं. डिकीत त्यांची एक वही सापडली, तिच्यात तारीख, किलोमीटर आणि "ऑइल ठीक, कुलंट ठीक, मागचं डावं टायर कमी" अशा ओळी आहेत. २०१४ पासूनच्या. त्याच वहीत मी पुढे लिहायला घेतलंय.

पुठ्ठा तीन रात्री टाकला. दोन दिवस कोरडा, तिसऱ्या सकाळी रुपयाएवढा हिरवा डाग. म्हणजे क्लिप बदलूनही गळतंय. टॉर्च घेऊन खालून बघितलं तर होसच्या टोकाला, क्लिपच्या कडेला बारीक चीर दिसली आणि रबर बोटाने दाबलं तर लाकडासारखं कडक. फोटो काढून गॅरेजला गेले. या वेळी भावाला फोन लावू दिला नाही. म्हटलं, वरचा होस बदला, खालचाही त्याच वयाचा आहे, तोही बदला, कुलंट नवीन भरा, बाकी काही करायचं असेल तर आधी मला विचारा आणि जुने होस मला परत द्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं. झाकणाचं रबरही वाळलंय असं त्यांनीच दाखवलं, ते पटलं, तेही बदललं.

ठाण्याच्या ताई, एअर फिल्टर काढला, त्यात पाला आणि एक मेलेली माशी होती. नवीन बसवला. गेज आणि मल्टिमीटर मागवलाय.

आता एक प्रश्न. स्टेपनीत हवा फक्त १४ निघाली, ती भरून घेतली. टायर एकदाही वापरलेलं नाही, खाचा पूर्ण आहेत. पण बाजूला शेवटचे चार आकडे २२१४ आहेत. शनिवारी कराडला जायचंय. चालेल का?

जुना_पाना

२२१४ म्हणजे २०१४ सालच्या बाविसाव्या आठवड्यात बनलेलं टायर. गाडीसोबतच आलेलं. खाचा बघू नका, वय बघा. उभ्या उभ्याही रबर कडक होतं, आणि दहा वर्षं उलटलेलं टायर घाटात भरवशाचं नाही. अंगठ्याने दाबून कडेला बारीक भेगा दिसतात का बघा, दिसतीलच. शनिवारच्या आधी बदला. चालू चार टायरांवरचेही आकडे बघून वहीत लिहा आणि इथे टाका.

आणि नवी स्टेपनी आली की ती अंगणात एकदा स्वतः चढवून बघा. हँडब्रेक, पहिला गिअर, पुढच्या-मागच्या बाजूला चाकांना दगड. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे, मगच जॅक. गॅरेजवाले नट मशीनने इतके आवळतात की रस्त्यावर सुटत नाहीत. तुमच्या हाताने सुटतात का, ते घरीच कळू दे. नाही सुटले तर लांब दांड्याचा पाना घ्या.

वाशिष्ठीकाठ

चारही टायर: ४०१९, ४०१९, ४११९, ४०१९. डाव्या पुढच्या चाकाचे तीन नट सुटले, चौथा अजिबात हलत नाही. लांब दांड्याचा पाना आणायला चाललेय.