'बस' म्हणजे नुसतं शेपूट!

खानापूरकर: काल सीबीटीत, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्टँडवर, गाडीची वाट बघत पाऊण तास उभा होतो, तेव्हा डोक्यात आलं. बस हा शब्द मूळचा लॅटिन 'ऑम्निबस', म्हणजे सगळ्यांसाठी. 1826 ला फ्रान्समध्ये नांत शहरात बोद्री नावाच्या माणसाने घोडागाड्या सुरू केल्या, पैसे देईल त्याने चढावं, त्यांना हे नाव पडलं. 1829 मध्ये शिलिबियरने तीच तऱ्हा लंडनला नेली, तीन घोडे आणि 22 माणसं. पुढे इंग्रजांनी डोकं उडवलं आणि शेपूट ठेवलं. अर्थ सगळा 'ऑम्नि'त, 'बस' नुसता प्रत्यय! म्हणजे 'सगळ्यांना' मधलं 'सगळ्यां' काढून गाडीला 'ना' म्हणायचं, "चल ना आली" 😄 मूळ माहीत नसेल तर शब्द अर्धाच कळतो बघा.

वडगावकर: काय सांगूलालास गा! आमची आज्जी बुट्टी मांडीवर घेऊन हाफ तिकिटावरून कंडक्टरशी भांडायची, तिला काय अर्धं कळत होतं? आणि ती बस म्हणायचीच नाही, मोटार म्हणायची. आमच्या घरात अजून कोल्हापूरची असली की एष्टी आणि इकडची असली की गाडी. लोक म्हणतात तो अर्थ, बाकी सगळं रिकामटेकडेपण.

उद्यमबागवाला: मी खानापूरकरांच्या बाजूने. विजेच्या पॅनेलमध्ये तांब्याची जाड पट्टी असते, बसबार, मेन लाईन तिच्यावर येते आणि तिथून सगळ्या मशीनला वाटली जाते. नवीन पोरगा विचारतो, मामा यात बसतंय कोण? ऑम्निबस सांगितलं की लगेच पेटते ट्यूब. यूएसबीतला बी म्हणजे पण तोच बस, एकाच वायरीवर सगळी यंत्रं.

वडगावकर: मूळ कळलं म्हणून शॉक बसायचा थांबला का? 'आता बस झालं' मधलं बस फारसी, 'खाली बस' मधलं आपलं, गर्दीत कंडक्टर तिन्ही एका दमात म्हणतो, कुणाचा घोटाळा झालाय आजवर? कुळी विचारत बसलं तर तिकीट कोण काढणार.

खानापूरकर: घोटाळा होत नाही, मान्य. पण तुझी आज्जी 'मोटार' म्हणायची ना, तेही लॅटिनच रे, हलवणारा! थांब, गाडी लागली, जागा धरतो.