पांढरा शोकाचा? आमच्याकडे लग्नाचा

रंगांच्या मानसशास्त्रावरच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की आपल्याकडे पांढरा म्हणजे शोकाचा रंग. मग भोगीला सोलापूरला याच! सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजेच संत सिद्धरामेश्वर, यांच्या यात्रेत त्या दिवशी संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा असतो, म्हणजे सिद्धरामेश्वर आणि कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह. सात नंदीध्वज (मिरवणुकीत उचलून नेतात त्या सजवलेल्या उंच काठ्या), आणि आजूबाजूला नजर जाईल तिथवर पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा पारंपरिक अंगरखा. लग्नाचं वऱ्हाडच ते!

दुसऱ्या दिवशी संक्रांत, की एरवी सणाला अशुभ मानलेला काळा रंग चालू. काळी चंद्रकळा, वर हलव्याचे पांढरे दागिने. काळा रंग ऊब धरतो हे खरं, पण मग दिवाळीच्या थंडीत कुणी काळं का नेसत नाही? मला तरी रंगाच्या मानसशास्त्रापेक्षा पंचांगच भारी वाटतं.