शब्दचर्चा : 18,810 वस्तीचं ‘खेडं’?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वेस्ट ससेक्समध्ये, शोरम आणि वर्दिंग यांच्या मधे लॅन्सिंग आहे. त्यावर मराठीत टिपण लिहिते आहे. 2011च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या 18,810 होती, तरी ते ‘व्हिलेज’च. ‘खेडं’ लिहायला हात धजत नाही.

— ‘खेडं’ नकोच. आपल्या जनगणनेत 5,000 वस्ती, घनता आणि शेतीबाहेरचा रोजगार पाहून गावाला शहरी ठरवतात. तिथे डोकी मोजून ठरत नाही. 1972च्या कायद्यानुसार पॅरिश कौन्सिल, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी संस्था, ठराव करून ‘टाउन’ म्हणवून घेऊ शकते. लॅन्सिंगची अजून पॅरिश कौन्सिलच आहे. जुन्या दप्तरांत आपल्याकडेही बाजारपेठेचं ते कसबा, बाकीची मौजे. हा भेद ‘व्हिलेज’ला फार जवळचा वाटतो. पण आजच्या गद्यात ‘मोठं गाव’ लिहा.

— ताई, ‘गावठाण’ही वापराच. जुनी वस्ती उत्तरेला, टेकड्यांच्या पायथ्याशी. 1845मध्ये रेल्वे आली ती खाली, समुद्राच्या बाजूने. मग टोमॅटो-द्राक्षांची काचघरं आली, 1965पर्यंत चाललेला रेल्वेडब्यांचा कारखाना आला. कामगारांसाठी ब्रायटनहून खास गाडी सुटे! दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बंगले उठले. म्हणून नुसतं ‘गाव वाढलं’ लिहू नका, गाव समुद्राकडे उतरलं.

— त्या टेकड्यांच्या नावाचं, ‘साउथ डाउन्स’चं, ‘उतार’ करू नका, ही माझी कळकळीची विनंती. हा ‘डाउन’ जुन्या इंग्रजीतल्या टेकडीवाचक शब्दातून आला आहे. खडूच्या टेकड्या म्हणा. किनाऱ्यालाही सरसकट ‘पुळण’ म्हणता येणार नाही, वरचा पट्टा गोट्यांचा आहे. आणि किनाऱ्यालगतच्या वाइडवॉटर या जलाशयाला ‘खाडी’ तर नाहीच. गोट्यांच्या बांधामागे ते पाणी अडलेलं आहे, समुद्र त्यातून झिरपतो. मचूळ पाण्याचं तळं. कोकणात विहिरीला लावतात तोच ‘मचूळ’ शब्द इथे चपखल बसतो.

— नावातलं ‘इंग’ राहिलंच की. त्याचा अर्थ अमक्याची माणसं. आपण गावावरून माणसाला ‘कर’ लावतो, तिथे माणसांवरून गावाला नाव पडलं. 1086च्या डूम्सडे नोंदींतही, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या जमीन-पाहणीच्या दप्तरातही, हे गाव आहे.

— सर्वांचे आभार. पहिलं वाक्य आता असं करते : ‘खडूच्या टेकड्यांखालचं गावठाण सोडून लॅन्सिंग रेल्वेमागोमाग समुद्रापर्यंत उतरलं, पण ठरावाने शहर झालं नाही.’ ‘ठरावाने’ खटकतंय का?

— नाही. तेच ठेवा.