मदत हवी आहे: एडब्ल्यूएसमधल्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधल्या) नेटवर्कची यादी काढणारं टूल, आकडे जुळत नाहीत

निशाचर_पुणे
नमस्कार मंडळी, तातडीचं आहे म्हणून थेट लिहितो. आमच्या सगळ्या खात्यांतले व्हीपीसी (खासगी नेटवर्क), सबनेट (त्याचे भाग), ईएनआय (आभासी नेटवर्क कार्ड), इलॅस्टिक आयपी (कायमचे सार्वजनिक पत्ते) आणि नॅट गेटवे (खासगी सर्व्हरची बाहेर जायची वाट) एपीआयमधून ओढून एक्सेल करायची आहे. टूल लिहिलं, चालतंय, पण आकडे नेटवर्क टीमच्या शीटशी जुळत नाहीत. सोमवारी ऑडिटरपुढे ठेवायचंय. काल रात्री दोनपर्यंत बसलो होतो, आज पुन्हा तेच. काय चुकत असेल?

गोदाकाठ
पेजिनेशन, म्हणजे यादी पानापानाने येणं. डोळे झाकून सांगतो. एका कॉलला जास्तीत जास्त १००० नोंदी, पुढच्या हव्या असतील तर नेक्स्टटोकन (पुढच्या पानाची खूण) परत पाठवायचा. आणि फिल्टर लावला असेल तर मधलं एखादं पान रिकामं येऊ शकतं, टोकन मात्र असतो. रिकामं पान बघून लूप थांबवलात की पुढचं सगळं गेलं. माझे यात दोन दिवस गेले आहेत.

निशाचर_पुणे
पेजिनेटर (सगळी पानं आपोआप आणणारा) वापरलाय हो, पहिल्या दिवसापासून. ते नाही.

जुना_अ‍ॅडमिन
पेजिनेटर म्हणजे पायथन आणि बोटो३ (एडब्ल्यूएसची पायथन लायब्ररी) धरतो, कारण तुम्ही ते कुठेच लिहिलेलं नाही. खाती किती? रीजन (डेटा सेंटरचे प्रदेश) कुठले? आकडा कमी येतोय की जास्त? आणि कशाचा, व्हीपीसीचा की ईएनआयचा? हे कळल्याशिवाय आम्ही इथून काय सांगणार?

गो_लँग_कोल्हापूर
पायथनमध्ये १०-१५ खाती गुणिले सगळे रीजन म्हणजे तासभर बसून राहा. गो मध्ये लिहा, प्रत्येक रीजनला एक गोरूटीन (समांतर चालणारं काम), मिनिटात काम होतं. आम्ही मागच्या वर्षी सगळं हलवलं, आता मागे वळून बघत नाही.

गोदाकाठ
@गो_लँग_कोल्हापूर त्यांना वेळ लागतोय अशी तक्रारच नाहीये, आकडा चुकतोय. आणि सगळीकडे एकदम कॉल मारलेत की रिक्वेस्ट-लिमिट-एक्सीडेड (कॉलची मर्यादा ओलांडली) यायला लागतं. ते थ्रॉटलिंग नीट हाताळलं नाही तर नोंदी आणखी कमी मिळतील.

गो_लँग_कोल्हापूर
ईसी२ ची (ज्या सेवेच्या एपीआयमधून ही यादी येते तिची) मर्यादा प्रत्येक खात्याला प्रत्येक रीजनमध्ये वेगळी असते. वेगवेगळ्या रीजनला समांतर कॉल केल्याने एकमेकांचा कोटा संपत नाही. रिट्राय तर एसडीकेमध्येच (एडब्ल्यूएसच्या लायब्ररीतच) असतो.

एसक्यूएलवेडी
टूल लिहिताच कशाला? स्टीमपाइप (क्लाउडवर एसक्यूएल चालवणारं टूल) लावा. एडब्ल्यूएसचं प्लगइन टाकलं की व्हीपीसी, सबनेट सगळं टेबलासारखं दिसतं, सिलेक्ट लिहायचं आणि सीएसव्ही काढायची. नाहीतर एडब्ल्यूएस कॉन्फिगचा (बदलांची नोंद ठेवणाऱ्या सेवेचा) अ‍ॅग्रिगेटर आहेच, त्यात सगळी खाती एका ठिकाणी येतात.

जुना_अ‍ॅडमिन
ताई, कॉन्फिग आधीपासून सुरू असेल तरच. आज सुरू केलंत तर प्रत्येक नोंदलेल्या बदलाचे पैसे लागतात आणि वरून मंजुरी लागते. सोमवारपर्यंत ते होणार नाही. धागाकर्ते, माझे प्रश्न तसेच आहेत.

निशाचर_पुणे
सॉरी, घाईत राहिलं. पायथन, बोटो३. १४ खाती. मुख्य खात्यातून एसटीएसने (तात्पुरता प्रवेश देणाऱ्या सेवेने) प्रत्येक खात्यातला वाचनाचा रोल (परवानगी) घेतो, मग डिस्क्राइब-रीजन्स (रीजनची यादी देणारा कॉल), मग प्रत्येक रीजनला फेरी. सबनेट जास्त येतात: शीटमध्ये २४६, टूलमध्ये ३०२. ईएनआय कमी: शीटमध्ये १३७१, टूलमध्ये १३१२. म्हणून तर डोकं चालेनासं झालंय, एक वर आणि एक खाली.

सबनेटगणित
लक्षात ठेवा, प्रत्येक सबनेटमध्ये ५ पत्ते एडब्ल्यूएस स्वतःकडे राखून ठेवतं. पहिले चार आणि शेवटचा. म्हणजे /२४ मध्ये २५६ नाही, २५१ च मिळतात. गणितात ते धरलं नाही की आकडे चुकतात.

निशाचर_पुणे
@सबनेटगणित मी पत्ते मोजत नाहीये, सबनेट मोजतोय.

मैत्रेयी_दुबई
सबनेटचं सांगते. तुमच्याकडे व्हीपीसी शेअरिंग आहे का? म्हणजे एका नेटवर्क खात्यातले सबनेट आरएएमने (शेअरिंगच्या सेवेने) बाकीच्या खात्यांना दिलेले? तसं असेल तर डिस्क्राइब-सबनेट्स मालकाच्या खात्यातही तो सबनेट देतो आणि वापरणाऱ्या खात्यांतही. तुम्ही तोच सबनेट तीन-चारदा मोजताय. प्रत्येक नोंदीत ओनरआयडी असतो, तो चालू खात्याशी ताडून बघा, किंवा सगळं सबनेट आयडीवर एकदाच घ्या. सीआयडीआरवर (पत्त्यांच्या पट्ट्यावर) मात्र एकत्र करू नका. डीफॉल्ट व्हीपीसी सगळीकडे १७२.३१.०.०/१६ असते, वेगवेगळ्या नोंदी एकमेकींवर बसतील.

निशाचर_पुणे
ताई!! हो, शेअरिंग आहे, ते सांगायचं सुचलंच नाही. आयडीवर एकदाच घेतले, २४६ आले. बरोब्बर. खूप आभार. आता ईएनआय.

खर्चाचा_हिशेब
इलॅस्टिक आयपीची यादी काढताच आहात तर एक बघा. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर लागतात, वापरात असो वा नसो. महिन्याला एका पत्त्याचे साडेतीन डॉलरच्या वर जातात. आमच्या जुन्या कंपनीत चाळीसएक पत्ते नुसते पडून होते, कुणी बघितलंच नव्हतं. यादीत असोसिएशन आयडी रिकामा दिसला की तो पत्ता कशालाच जोडलेला नाही.

एसक्यूएलवेडी
हे स्टीमपाइपमध्ये एका ओळीत निघतं, म्हणून म्हणत होते.

जुना_अ‍ॅडमिन
मूळ मुद्द्यावर येऊ. ५९ ईएनआय कमी आहेत. शीटमधल्या कुठल्या आयडी टूलमध्ये नाहीत ते काढा आणि त्या कुठल्या रीजनच्या आहेत ते सांगा. नुसत्या बेरजा ताडून हे सुटणार नाही.

निशाचर_पुणे
काढलं. ५७ हैदराबादच्या, २ मुंबईच्या. हैदराबादला आमची डीआर (संकटकाळची पर्यायी यंत्रणा) आहे. पण डिस्क्राइब-रीजन्सच्या यादीत एपी-साउथ-२ (हैदराबाद) येतं, मी प्रिंट करून बघितलं. एररही काही येत नाही.

जुना_अ‍ॅडमिन
एरर येत नाही की तुम्ही येऊ देत नाही? रीजनच्या लूपमध्ये ट्राय-एक्सेप्ट (एरर पकडून पुढे जाणारा कोड) आहे का?

निशाचर_पुणे
आहे. एका खात्यात काही रीजनवर कंपनीची बंदी आहे, तिथे टूल मधेच पडायचं. म्हणून एक्सेप्ट करून पुढच्या रीजनला जायचं असं लिहिलं होतं. ते काढून चालवलं आणि हैदराबादला लगेच 'ऑथ फेल्युअर' (ओळख नाकारली) आलं. पण रोल तोच, मुंबईत चालतो! मग हैदराबादला का नाही?

जुना_अ‍ॅडमिन
तिथेच पाणी मुरतंय. २० मार्च २०१९ नंतर आलेले रीजन आपोआप चालू नसतात, खात्यात मागून घ्यावे लागतात. मुंबई २०१६ ची, हैदराबाद २०२२ चं. एसटीएसच्या जागतिक एंडपॉइंटवरून (सगळ्यांसाठीच्या एकाच पत्त्यावरून) घेतलेला प्रवेशाचा टोकन मुळात फक्त आपोआप चालू असलेल्या रीजनमध्येच चालतो. जुनं बोटो३ मुंबई रीजन दिलं तरी त्या जागतिक एंडपॉइंटवरच जातं, त्यामुळे क्लायंटला नुसतं रीजननेम देऊन भागत नाही. एन्व्हायर्नमेंटमध्ये एडब्ल्यूएस_एसटीएस_रीजनल_एंडपॉइंट्स ला 'रीजनल' द्या आणि रोल नव्याने घ्या. दुसरा रस्ता म्हणजे आयएएमच्या (परवानग्यांच्या सेवेच्या) अकाउंट सेटिंग्जमध्ये जागतिक एंडपॉइंटचे टोकन सगळ्या रीजनला चालतील असं करणं, पण ती खात्याची सेटिंग आहे, ऑडिटच्या तोंडावर हात लावू नका.

गोदाकाठ
हे मलाही माहीत नव्हतं. माझ्या स्क्रिप्टमध्येही जकार्ता गायब असतं, आज रात्रीच बघतो.

मैत्रेयी_दुबई
आमच्याकडे यूएई रीजन आहे, मागून घ्यायचाच. पहिल्या आठवड्यात हेच झालं होतं. आणि निशाचर, तो एक्सेप्ट परत लावलात तर निदान खातं, रीजन आणि एररचा कोड फाइलमध्ये लिहा. ऑडिटरला रिकामा रीजन आणि न वाचता आलेला रीजन यांतला फरक दिसलाच पाहिजे.

निशाचर_पुणे
चाललं! व्हेरिएबल टाकला, रोल नव्याने घेतला, हैदराबादचे ५७ च्या ५७ आले. गेले दोन दिवस मी पेजिनेटरच उलटसुलट करत होतो. मुंबईचे २ अजून दिसत नाहीत.

गो_लँग_कोल्हापूर
मुंबईत फार्गेट (स्वतःचा सर्व्हर न ठेवता कंटेनर चालवणं) आहे का? प्रत्येक टास्कला स्वतःचा ईएनआय मिळतो आणि टास्क संपला की जातो. शीट कधीचं आहे?

निशाचर_पुणे
मंगळवारचं. दोन्हींच्या वर्णनात ईसीएसचं (फार्गेटचे टास्क चालवणाऱ्या सेवेचं) अटॅचमेंट लिहिलंय, म्हणजे तुमचं बरोबर. आता शीट आणि टूल एकाच तासात चालवून घेतो, यादीवर वेळ टाकतो आणि मैत्रेयीताई म्हणतात तसं न वाचता आलेल्या रीजनचं वेगळं पान जोडतो. सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवार पार पडला की कोड इथे टाकतो.

जुना_अ‍ॅडमिन
टाकण्याआधी खाते क्रमांक आणि रोलचे एआरएन (एडब्ल्यूएसमधली पूर्ण ओळख) काढून टाका.