अनुभव धागा: लाखभर किलोमीटर झालेल्या आलिशान डिझेल एसयूव्ही आणि इंजिनाची आगाऊ निगा

दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर गदा आल्यापासून तिकडच्या बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, लँड रोव्हर एनओसी घेऊन पुण्या-मुंबईत येतात. किंमत नव्या हॅचबॅकएवढी, सुट्या भागांचे भाव मात्र मूळ गाडीचेच. म्हणून हा धागा. इंजिनाचा कोड, भाग, लक्षण, उपाय एवढंच लिहा. 'गाडी कशी घेतली' हे दुसरीकडे.

चेनकर
बीएमडब्ल्यू एक्स१ आणि २०१४ पर्यंतच्या एक्स३ मधलं दोन लिटर एन४७. टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारी साखळी) मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला. चेन ताणली किंवा तिला रुळावर ठेवणारे प्लास्टिकचे गाइड झिजले की मागून खरखर येते. बोनेट उघडून ऐकाल तर इंजेक्टरच्या टकटकीत हरवेल; गाडी रात्रभर थंड ठेवा, स्टार्ट करायला दुसऱ्याला बसवा आणि तुम्ही फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) कान द्या. १,५०० आरपीएमच्या आसपास पुन्हा ऐका. ऑइल बदलताना जुन्या फिल्टरचा कागद उलगडून बघा: प्लास्टिकचे कण दिसले तर गाइड झिजत चाललेत. गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, त्यामुळे चेन, गाइड, टेन्शनर सगळं एकाच वेळी. फक्त वरची चेन बदलून देतो म्हणणाऱ्याकडून उठून या.

टॉर्क_रेंच
मर्सिडीज ओएम६४२, म्हणजे एमएल आणि जीएलमधलं तीन लिटर व्ही६. ऑइल कूलर दोन्ही बँकांच्या (सिलिंडरच्या रांगांच्या) मधल्या खोबणीत बसतो. त्याची सीलं उष्णतेने कडक होतात, तेल मागे वाहतं आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी टपकतं. मेस्त्री 'क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील' म्हणून गिअरबॉक्स उतरवतो, गळती तशीच. आधी टॉर्च आणि आरसा घेऊन खोबणीत तेल साचलंय का बघा.

सीलं स्वस्त, मजुरी जबर: टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड काढावे लागतात. सुधारित, व्हायटॉन या उष्णता सोसणाऱ्या रबराचीच सीलं टाका. उघडलंच आहे तर मॅनिफोल्डची गॅस्केटं आणि टर्बोच्या तोंडाचं ब्रीदर सीलही बदला. ते गळलं की तेल खाली स्वर्ल फ्लॅपच्या (इनटेकमधल्या हवेच्या झडपांच्या) मोटरवर ठिबकतं, मोटर मरते आणि गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे ताकद आपोआप कमी करते. सील काही शेकड्यांचं, मोटर हजारोंची.

डिस्को_प्रेमी
डिस्कव्हरी ३ आणि रेंज रोव्हर स्पोर्टचं २.७ व्ही६: बेल्ट दोन आहेत. पुढचा टायमिंगचा सगळ्यांना माहीत, मागचा डिझेल पंपाचा बिलात सापडत नाही. दोन्हींची पावती मागा. पुढचा बदलताना ऑइल पंपही बघा. सुरुवातीच्या पंपांच्या ओतकामाला टेन्शनरच्या बोल्टपाशी तडा जातो. नंतरचा पंप तिथे जाड केलेला आहे. क्रँक तुटण्याबद्दल लिहीत नाही, त्यावर आगाऊ उपाय म्हणजे वेळेवर ऑइल आणि नशीब.

पाच_सिलिंडर
व्होल्वो डी५: अल्टरनेटरची फ्रीव्हील (एकाच दिशेने पकडणारी) पुली अडकली की बाहेरचा बेल्ट फाटतो, त्याचे धागे क्रँक पुलीमागून टायमिंग बेल्टमध्ये शिरतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. टायमिंग बेल्टबरोबर बाहेरचा बेल्ट, टेन्शनर आणि ती पुलीही बदला.

काळे_तेल
ऑइल बदलायचं ते डॅशबोर्डवर आकडा दिसेपर्यंत थांबून नव्हे. ८,००० ते १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. ट्रॅफिकमध्ये एसी लावून तासन्‌तास उभ्या राहिलेल्या गाडीचे किलोमीटर कमी दिसतात, इंजिन मात्र चाललेलं असतं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर ऑइलची लेव्हल वाढतेय का बघत राहा. शहरात रीजनरेशन (साचलेली काजळी जाळणं) अर्धवट तुटलं की जास्तीचं डिझेल सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरतं आणि ऑइल पातळ होतं. कमाल खुणेच्या वर गेलं की ते काढून नवं भरा. महिन्यातून एकदा द्रुतगती मार्गावर अर्धा तास सलग पळवा. दर्जाचा आकडा डब्यावर वाचून घ्या: डीपीएफवाल्या बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ-०४, मर्सिडीजला २२९.५१.

प्रश्नोपनिषद
ऑइल बदलण्याआधी रसायन घालून इंजिन फ्लश करावं का?

काळे_तेल
जुन्या, गाळ साचलेल्या इंजिनात नको. सुटलेला गाळ ऑइल पिकअपच्या जाळीवर जाऊन बसतो. त्याऐवजी ३,००० किमीवर फिल्टरसकट ऑइल बदला, दोनदा.

चेनकर
गिअरबॉक्स विषयाबाहेर, पण 'लाइफटाइम ऑइल' ऐकून फसू नका. झेडएफ या कंपनीचा आठ गिअरवाला असेल तर खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किमीला ऑइल बदला सांगते. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, म्हणजे पॅन नवा. लेव्हल बघायची ती इंजिन चालू ठेवून, ऑइल ३० ते ५० अंशांवर असताना.

टॉर्क_रेंच
कूलंट कमी होतं पण खाली थेंब नाही, असं असेल तर ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडलेला धूर थंड करणारा भाग) तपासा. आत गळणारं कूलंट काजळीत मिसळून पेट घेऊ शकतं; २०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूने लाखाहून जास्त गाड्या याच भागासाठी परत बोलावल्या. चॅसी नंबर सर्व्हिस सेंटरला देऊन रिकॉल (कंपनीने परत बोलावून करायची दुरुस्ती) बाकी आहे का विचारा, आणि तेही सौद्याआधीच.