मेल ‘आला’ की ‘आली’? आणि सीसी, बीसीसीला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: संगणक नव्याने शिकणाऱ्यांसाठी छोटी शब्दसूची करते आहे. दोन ठिकाणी अडले. ‘मेल आला’ लिहू की ‘मेल आली’? आणि सीसी, बीसीसीला प्रतिशब्द द्यावा का?

उत्तर: फाइल, लिंक, साइट आली; पासवर्ड, ब्राउझर आला; इंटरनेट, ॲप आलं. इथे कुणाचा वाद नाही. मेलचं मात्र अजून ठरलेलं नाही. मनात ‘निरोप’ असेल तर तोंडून ‘आला’ निघतं, ‘चिठ्ठी’ असेल तर ‘आली’. रेल्वेची मेल स्त्रीलिंगी, कारण ती गाडी. माझा कौल ‘मेल आला’ला. ई-मेलसाठी घडवलेला ‘विरोप’ हा शब्दही ‘निरोप’वरून आल्याने पुल्लिंगीच आहे. चुकीचं दोन्हींतलं काहीच नाही, फक्त सूचीत सगळीकडे एकच रूप ठेवा.

सीसीसाठी नवा शब्द पाडायची गरजच नाही. सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टंकलेखन यंत्रात दोन कोऱ्या कागदांमध्ये कार्बनचा कागद घातला की वर टंकलेलं खालीही उमटायचं, ती ही प्रत. कार्यालयीन मराठीत पत्राच्या डोक्यावर ‘प्रति’ आणि तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ असतंच. मेलमधला ‘टू’ म्हणजे ‘प्रति’, सीसी म्हणजे ‘प्रत माहितीसाठी’. ज्याने काम करायचं तो पहिल्या रकान्यात, ज्याला नुसतं कळायला हवं तो दुसऱ्या. एवढं सांगितलं की शिकणाऱ्याला पाठांतर करावं लागत नाही.

बीसीसी म्हणजे ब्लाइंड कार्बन कॉपी. तिला ‘गुप्त प्रत’ म्हणा, पण अर्थ नीट समजवा. बीसीसीतल्या माणसाचा पत्ता मेल मिळालेल्या इतर कुणालाच दिसत नाही, बीसीसीतल्या दुसऱ्यालाही नाही. मात्र त्याने स्वतः ‘रिप्लाय ऑल’ (सगळ्यांना उत्तर) दाबलं तर त्याचं उत्तर ‘प्रति’ आणि सीसीतल्या सगळ्यांकडे जातं आणि गुपित तिथेच संपतं. एकमेकांना न ओळखणाऱ्या बऱ्याच जणांना मेल पाठवायचा असेल तर पत्ते बीसीसीतच घालावेत. मी एकदा ते सीसीत घातले होते. एकीने मला लगेच फोन करून विचारलं, ‘माझा पत्ता या सगळ्यांना का दिलात?’ तिचं बरोबर होतं, आणि गेलेला मेल परत घेता येत नव्हता. तेव्हापासून शिकवताना हा भाग मी कधी घाईत उरकत नाही.

प्रश्न: पटलं. ‘प्रति’ आणि ‘प्रत’ शेजारी शेजारीच छापते. आणखी एक, मेलचा पत्ता सांगताना @ या चिन्हाला ‘ॲट द रेट’ म्हणायचं की नुसतं ‘ॲट’?

उत्तर: नुसतं ‘ॲट’. ‘ॲट द रेट’ ही हिशेबाच्या वहीतली भाषा, ‘अमुक दराने’ या अर्थाची. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या संगणक अभियंत्याने ई-मेलच्या पत्त्यात माणसाचं नाव आणि त्याच्या यंत्राचं नाव वेगळं दाखवायला हे चिन्ह वापरलं, तिथे दराचा संबंध नाही. ‘अमुक माणूस, तमुक यंत्रावर’ एवढाच अर्थ. आजही चिन्हाच्या आधी माणसाचं खातं आणि नंतर मेल सांभाळणाऱ्या सेवेचं नाव येतं. सूचीत ‘ॲट: येथे’ असं लिहिलंत तरी चालेल. फक्त एक कंस टाका: फोनवर पत्ता सांगताना समोरचा ‘ॲट द रेट’ म्हणाला, तरी चिन्ह हेच.